भांडायला जागा हवी



निवडणुकीचे दिवस आले की आपल्या वस्त्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. "कशाला हवीत ही भांडणं? सगळे पक्ष एक झाले तर देशाचं भलंच होईल की!" असे बोलणारी माणसे वाईट नसतात. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरात जशी शांतता हवी असते, तशीच ती देशातही असावी असे त्याला वाटते. टीव्ही लावावा तर एकमेकांवर ओरडणारी तोंडे दिसतात. पेपर उघडावा तर घोषणा, सभात्याग, निलंबन. मग एखादी आजी पदर सावरत म्हणते, "यापरीस आमच्या गावची रीत बरी व्हती. पाटील एकदा बोलला की मिटलं!"

आजीला एवढेच विचारावे, की पाटील बोलल्यावर मिटायचे, ते कोणाच्या बाजूने मिटायचे?

गावात भांडण नव्हते हे अगदी खरे आहे. विहीर त्यांची, देऊळ त्यांचे, रान त्यांचे. आपल्या वाट्याला येसकराची काठी, मेलेले ढोर आणि जोहार. कोणी तोंड वर करून बोलत नव्हता, म्हणून गाव शांत होते. महाडचे चवदार तळे घ्या. मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचे लिहूनही टाकले होते. तीन वर्षे तळे कागदावर खुले होते आणि गाव शांत होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि लगेच गावात दंगल उसळली. त्या काळी अनेकांनी म्हटले, की या माणसाने गावात कलह आणला. कलह तर तिथे आधीपासूनच होता. तो फक्त एकाच बाजूने चालला होता, म्हणून कोणाला दिसत नव्हता.

आणि पुढची गोष्ट आपण सांगायला विसरतो. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. माणसे जमलेली होती, त्यांची रक्ते तापलेली होती. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे जाहीर दहन केले, पण तळ्याकडे जाण्याचा बेत थांबवला आणि कोर्टाची लढाई हाती घेतली. ती दहा वर्षे चालली. १९३७ साली हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. म्हणजे रस्त्यावरचे भांडण कोर्टात नेले, पण भांडण सोडले नाही. ही चाल नीट ध्यानात ठेवा, कारण आजचा आपला विषय याच चालीचा आहे.

आता आपल्या गिरणगावातल्या एका गोष्टीकडे येऊ. या अंकाच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा गिरणीत होते. त्या घरांतल्या तरुणांना ७ नोव्हेंबर १९३८ ही तारीख सांगितली तर किती जण ओळखतील, कोण जाणे. तारखा पाठ असाव्यात असा माझा हट्ट नाही, पण ही एक असावी.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. बाबासाहेबांनी १९३६ साली काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकांवर बसला. सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलहाविषयीचे विधेयक विधानसभेत आणले. हेतू मोठा गोड सांगितला होता. गिरण्यांत सारखे संप होतात, कामगारांचे हाल होतात, उत्पादन बुडते. म्हणून आधी नोटीस द्यावी, मग समेटाची बोलणी व्हावीत, आणि ती चालू असताना संप करू नये. केला तर तो बेकायदा, त्याला शिक्षा. वरवर पाहता यात वाईट काय? मालक-कामगारांनी गोडीगुलाबीने राहावे, असेच तर सरकार म्हणत होते.

१५ सप्टेंबरला बाबासाहेब या विधेयकावर बोलले. त्यांनी अगदी साध्या ठिकाणी बोट ठेवले. संप म्हणजे काय? तर कामाचा करार मोडणे. करार मोडला तर दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येते; पण त्याला गुन्हा ठरवून माणसाला शिक्षा देणे म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करवून घेणे. याला दुसरे नाव गुलामी. मला परवडत नाही, मी या मजुरीवर काम करणार नाही, असे म्हणण्याचा हक्क म्हणजेच स्वातंत्र्याचा हक्क, आणि स्वातंत्र्याचा हक्क तुम्ही पवित्र मानत असाल तर संपाचा हक्कही तितकाच पवित्र माना, असा त्यांचा युक्तिवाद होता. काँग्रेसच्या बाकांवरची मंडळी स्वराज्यासाठी तुरुंगात जाऊन आलेली होती. त्यांना हे किती झोंबले असेल याची कल्पना करा!

समेटाच्या नावाखाली काय होते, हे वेठबिगारी पाहिलेल्या समाजाला शिकवावे लागत नाही. दोन माणसांच्या हातात सारखे बळ असेल तर समेट हा समेट असतो. एकाच्या हातात गिरणी आहे, आणि दुसऱ्याच्या हातात 'मी उद्या येणार नाही' एवढेच म्हणण्याचे बळ आहे. तेवढे बळही काढून घेतले, की समोर बसून तो बोलणार काय? चहा पिऊन परत येईल.

विधानसभेत बहुमत सरकारचे होते. बाबासाहेबांनी आत भाषण केले आणि बाहेर कामगारांना हाक दिली. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक आणि लाल बावट्याचे कामगार एकाच रस्त्यावर उतरले. लाठ्या चालल्या, गोळीबार झाला. संपानेही कायदा अडला नाही, तो लागू झालाच. पण मुंबईच्या कामगाराने त्या दिवशी आपल्याच देशबांधवांच्या सरकारला नाही म्हटले. नाही म्हणणे म्हणजे देशद्रोह नव्हे, हे परकी राज्य असतानाच त्याने शिकून घेतले.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. त्या संपात बाबासाहेबांच्या बरोबर कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे आणि त्यांचे सहकारी होते. या दोघांचे आधीचे नाते कसे होते? १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी साचे खात्याचा प्रश्न होता. गिरणीत साचेवाल्यांचा पगार जास्त, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडचा धागा त्यांना विटाळ वाटे. ही बंदी सोबत राबणारा कामगारच चालवीत होता. एकजुटीची भाषणे करणाऱ्या पुढाऱ्यांचा आवाज या प्रश्नापाशी आला की खाली येई. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले, की ही मागणी यादीत घाला, नाहीतर आम्ही आमच्या माणसांना संपातून बाहेर पडायला सांगू. मोठ्या नाखुशीने ती घातली गेली. पुढे १९२९ च्या संपाला तर बाबासाहेबांनी उघड विरोध केला. आणि तीच माणसे १९३८ साली एका व्यासपीठावर!

त्यांच्यातले भांडण मिटले होते काय? मुळीच नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, तेव्हा त्याच मतदारसंघात डांगे उमेदवार होते. बाबासाहेबांनी तेव्हा युती केली होती ती समाजवादी अशोक मेहतांशी. संपाच्या हक्कावर एकमत झाले तेव्हा हात दिला, जातीच्या प्रश्नावर पटले नाही तेव्हा तोंडावर सांगितले. समोरचा माणूस आज माझ्या विरोधात आहे, उद्या एखाद्या प्रश्नावर माझ्या शेजारी असेल, परवा पुन्हा विरोधात जाईल. असे ज्याच्याशी वागता येते त्याला विरोधक म्हणतात. ज्याला संपवायचे असते तो वैरी. हा भेद कळला नाही की निवडणूक ही लढाई होते आणि मतपेटी नुसता बहाणा उरतो.

याच वर्षाच्या आरंभी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दोन शत्रूंची नावे घेतली होती: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पण लगेच खुलासाही केला. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, मग ती कोणाच्याही अंगी असो. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. शत्रुत्व रचनेशी होते. रचनेची बाजू घेऊन समोर उभ्या राहिलेल्या माणसाशी वाद घालायचा, त्याला हरवायचे, जमले तर आपल्याकडे आणायचे. त्याच्या घरावर दगड मारायचा नाही.

इथे काही विद्वान मंडळी हात वर करतील. म्हणतील, "तुमच्या बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले आहे, की आता सत्याग्रह, असहकार, कायदेभंग सोडून द्या. ते अराजकाचे व्याकरण आहे. मग मोर्चे कशाला काढता?" हे वाक्य आजकाल ज्यांना बाबासाहेबांचे दुसरे एकही वाक्य आठवत नाही, त्यांनाही पाठ असते!

ते भाषण पूर्ण वाचावे. त्यात एक अट आहे. आर्थिक आणि सामाजिक उद्दिष्टे गाठण्याचा घटनात्मक मार्ग शिल्लक नव्हता, तेव्हा दुसऱ्या मार्गांना पुष्कळ समर्थन होते, असे ते स्वतः म्हणतात. घटनात्मक मार्ग खुले असताना मात्र त्यांना समर्थन नाही. यातला 'खुले' हा शब्द वाचणाऱ्याने गिळू नये. नागरिकांवर जशी जबाबदारी टाकली आहे तशीच ती मार्ग खुले ठेवणाऱ्यांवरही पडते. बोलायला सभा, भांडायला कोर्ट, नाही म्हणायला मत आणि काम थांबवायला संघटना, या वाटा मोकळ्या असतील तरच कोणाला तरी सांगता येते, की बाबा रे, दगड खाली ठेव.

आपल्या स्वतःच्या घरातही यावरून भांडण झालेले आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात दोनच वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले. बी. सी. कांबळे यांच्या बाजूच्या शिकलेल्या मंडळींचा जोर घटनात्मक मार्गावर होता. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या डिसेंबरात माणसे पोराबाळांसह तुरुंगात गेली. दुसऱ्या वेळी तर लाखांनी गेली. दुरुस्तवाल्यांचा मुद्दा फालतू होता असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे एक गुंठाही जमीन नाही, कोर्टाची फी भरायला दमडी नाही, त्याच्यासाठी घटनात्मक मार्ग किती खुला होता, हा दादासाहेबांचा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. त्या भांडणात दोन्ही बाजूंना विचार होता. पुढे गटांची भांडणे झाली ती खुर्चीची. तिथे विचार शोधायला भिंग लागेल. लोक 'भांडणं नकोत' म्हणतात ते या दुसऱ्या प्रकाराला कंटाळून, आणि राग काढतात तो पहिल्या प्रकारावर.

असो. गिरणगावाची गोष्ट अजून संपलेली नाही. १९३८ च्या कायद्याची जागा पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. गिरणगावात त्याला 'बी. आय. आर.' म्हणत. या कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक मानले, आणि कापड गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. मालकाशी बोलायचे तर त्या संघानेच. हेतू पुन्हा तोच, शांतता. पण कामगारांचा त्या युनियनवरचा विश्वास उडाला तर काय, याला कायद्यात सोपी वाट नव्हती. कामगार एकीकडे, मान्यता दुसरीकडे.

१८ जानेवारी १९८२ ला त्याचा स्फोट झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे संपावर गेले. पगार-बोनसाबरोबर हा कायदाच रद्द करा, ही त्यांची मागणी होती. सरकार आणि मालक एकच पालुपद लावून बसले, की मान्यता ज्या युनियनला आहे तिच्याशीच बोलू. आणि त्या युनियनमागे कामगार नव्हता! समेट करायचा तर समेटाच्या खोलीत खरा प्रतिपक्षच नव्हता. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला. माणसे गावी गेली, भांडी विकली गेली, पोरांच्या शाळा सुटल्या. आज त्या जागांवर काचेचे मनोरे उभे आहेत, आणि त्यांच्या दारात पहारेकरी म्हणून आपलीच नातवंडे. एका कायद्याने हे सारे झाले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. मालकांचा जमिनीवरचा डोळा होता, यंत्रमागांची स्पर्धा होती, सामंतांच्याही आडाख्यांत चुका होत्या. पण ज्या भांडणाला कायद्याने दारच ठेवले नव्हते, ते भिंत फोडून बाहेर आले, एवढे मात्र खरे.

आता अलीकडचे पाहा. २०२० साली केंद्राने कामगार कायदे एकत्र करून संहिता आणल्या. त्यातली औद्योगिक संबंध संहिता २२ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत आणि २३ सप्टेंबरला राज्यसभेत मंजूर झाली. त्या दिवशी राज्यसभेत विरोधी बाके जवळजवळ रिकामी होती. आठ सदस्यांच्या निलंबनाच्या निषेधार्थ विरोधकांनी बहिष्कार घातला होता. बहिष्कार घालण्यात शहाणपण होते का, हा वेगळा वाद. माझ्या मते त्यांनी आत बसून एकेका कलमावर मत मागायला हवे होते. पण सरकारनेही थांबावे, वाट पाहावी, असे काही घडले नाही. देशातल्या कोट्यवधी राबणाऱ्या माणसांचा कायदा विरोधी बाकांवर कोणी नसताना झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो लागू झाला आहे.

त्यात काय आहे? पूर्वी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाआधी नोटीस देण्याची सक्ती सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती होती. आता ती सगळ्या औद्योगिक आस्थापनांना आहे. नोटीस दिल्यापासून चौदा दिवस संप करता येत नाही, आणि समेटाचे काम सुरू झाले की ते चालू असेपर्यंत करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरला जातो. १९३८ च्या भाषणाशी ताडून पाहावे. त्या वेळी निदान विधेयक आणणाऱ्याला समोर उभे राहून उत्तर देणारा माणूस सभागृहात होता.

सभागृहात असा माणूस का हवा, हे बाबासाहेबांनी २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या जिल्हा लॉ लायब्ररीतल्या भाषणात सांगितले आहे. त्याच वर्षी ते सुमारे चौदा हजार मतांनी निवडणूक हरले होते, हे लक्षात घेऊन ते भाषण वाचा. लोकशाहीची त्यांनी केलेली व्याख्या अशी, की रक्त न सांडता लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल घडवून आणणारी राज्यपद्धती ती लोकशाही. ती यशस्वी व्हायला काय लागते हे सांगताना त्यांनी विषमता नसावी हे पहिले घेतले आणि लगेच विरोधी पक्ष घेतला. सत्ताधाऱ्याला पाच वर्षांनी मतदार जाब विचारतात, हे पुरेसे नाही. जागच्या जागी, त्याच दिवशी हटकणारा कोणी तरी पाहिजे. इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हे त्यांनी आवर्जून सांगितले. आपल्याला शिव्या देणाऱ्याला आपणच पगार द्यायचा! आपल्याकडेही पुढे १९७७ साली संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यांच्या पगाराचा कायदा झाला. वर्तमानपत्रे जाहिरातींच्या उत्पन्नापायी सरकारला जास्त जागा देतात आणि विरोधकांना कमी, हेही त्यांनी त्याच भाषणात ऐकवले होते. १९५२ साली! आजच्या वाहिन्या त्यांनी पाहिल्या असत्या तर काय म्हणाले असते, ते ज्याचे त्याने ओळखावे.

इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात समोरासमोर बाके आहेत आणि जमिनीवर दोन तांबड्या रेषा आखलेल्या आहेत. परंपरा सांगते, की त्या दोन तलवारींच्या अंतरावर आहेत. बोलताना कोणी आपली रेषा ओलांडायची नाही. तलवारी केव्हाच गेल्या, रेषा अजून आहेत. भांडणाऱ्यांसाठी जागा आखून ठेवणे म्हणजे काय, हे त्या रेषांवरून कळते. आपल्याकडे २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नव्हता, कारण एक दशांश जागांची प्रथा पुढे केली गेली. २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेतही कोणा एका विरोधी पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत. दोष मतदाराचा म्हणा, पक्षांचा म्हणा. पण ही प्रथा काही दगडावरची रेघ नव्हे.

आमच्या भगिनींना वाटेल, हे सगळे गिरणी आणि विधानसभेचे झाले, घराचे काय? हिंदू कोड बिल आठवा. मुलीला वारसा, बाईला घटस्फोट, एका पुरुषाला एकच बायको. विरोधकांची ओरड एकच होती, की याने घरे फुटतील, भावाबहिणींत वैर येईल. बाबासाहेबांनी चार वर्षे ते बिल लावून धरले आणि सरकार मागे हटताच सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे तुकडे कायदे झाले, आणि मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा यायला २००५ साल उजाडले. ज्या घरात सून कधी उलट बोलत नाही ते घर सुखी, असे म्हणणारे अजूनही आहेत. सुनेला कोणी विचारले आहे काय?

आणि शेवटी आपली मंडळे, आपल्या संस्था. विहाराच्या वार्षिक सभेत एखादा तरुण उठून म्हणतो, "अध्यक्षसाहेब, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब वाचून दाखवा." लगेच कुजबूज सुरू होते. हा फुटीर आहे, हा त्यांचा माणूस, याला कोणी तरी पाठवले आहे. त्याला खाली बसवतात आणि पुढच्या वर्षी तो सभेला येत नाही. मग दुसरे मंडळ निघते, दुसरी मिरवणूक निघते, आणि आपण म्हणतो समाजात एकी नाही. १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभांची आठवण करून दिली होती. तिथे बसण्याचे नियम होते, ठराव मांडण्याचे होते, किती जण हजर हवेत याचे होते, मते मोजण्याचे होते. मतभेद होतात हे गृहीत धरले होते, म्हणून तर मोजणीची सोय केलेली होती.

ज्यांच्या घरातले कोणी कारखान्यात, गोदामात किंवा कंत्राटावर कामाला आहे, त्यांनी एक करावे. आपल्या युनियनच्या माणसाला येत्या गेट मीटिंगमध्ये विचारावे, की नव्या संहितेतली नोटिशीची कलमे मराठीत फलकावर लावली आहेत काय, आपल्या ठिकाणी वाटाघाटीचा अधिकार कोणत्या युनियनला आहे, आणि तिच्या सभासदांची यादी शेवटची कधी तपासली गेली. युनियनच नसेल तर तेही आम्हाला कळवावे. उत्तरे या पत्त्यावर पाठवलीत तर नावे न छापता पुढच्या एखाद्या अंकात त्यांवर लिहीन.